धुंदलवाडीचे भूकंप आणि संशोधन अधिछात्रवृत्ती

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांना भूकंपाचे लहान धक्के वारंवार बसू लागले. धुंदलवाडी परिसरातील घरांच्या भिंतींना तडे गेले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का नोंदला गेला. ऐन थंडीत अनेक कुटुंबांनी घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : जमीन का हादरते, आणि याहून मोठा धक्का येईल काय?

दीर्घ अभ्यासाची गरज

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. यंत्र नोंद करते. परंतु प्रत्येक धक्क्याचे केंद्र व खोली निश्चित करणे, खडकांतील भेगा आणि जमिनीत मुरणारे पाणी यांच्याशी त्याचा संबंध तपासणे हे माणसाचे काम आहे. त्यास वर्षे लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर सुरू झालेला अभ्यास अर्धशतक उलटूनही थांबलेला नाही.

अशा कामाचा मोठा भार पीएच.डी. करणारे तरुण उचलतात. मात्र याच वयात घर त्यांच्या कमाईकडे डोळे लावून असते. हंगामात वीटभट्टीची वाट धरणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या शिक्षणाची आणखी पाच वर्षे कशी परवडावीत? अधिछात्रवृत्तीचे मोल येथे कळते.

योजनेचे स्वरूप

१९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे, म्हणजे 'नेट'द्वारे मिळते. भूविज्ञान हा तिच्या विषयांपैकी एक होय. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास पुढे ४२,००० रुपये, असे दर आहेत. नियमानुसार घरभाडे भत्ताही मिळतो. अनुसूचित जमातीच्या व महिला उमेदवारांना वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. याखेरीज केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालय अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती देते.

केवळ परीक्षा उत्तीर्ण होऊन रक्कम हाती येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत संशोधनासाठी प्रवेश घ्यावा लागतो. ही मदत नसून कामाचे मानधन आहे, हे पालकांनीही जाणून घ्यावे.

तयारी अकरावीपासून

या वाटेचा पहिला फाटा दहावीनंतरच लागतो. विज्ञान शाखा, पुढे भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्रातील पदवी, त्यानंतर एम.एस्सी. आणि 'नेट', असा हा क्रम आहे. आश्रमशाळेतील शिक्षकाने तो वेळीच समजावून सांगितला, तर अनेकांची वाट चुकणार नाही.

धुंदलवाडीच्या जमिनीतील हालचालींची नोंद हैदराबादेत वाचली जाते. ती वाचणाऱ्यांत उद्या या पाड्यांवरील एखादी मुलगी असावी. येथील ओढे, डोंगर आणि वारली बोली तिला ठाऊक असेल. तिने दिलेले उत्तर गावकऱ्यांना आपल्या भाषेत कळेल.