दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन आणि वैद्याची चिठ्ठी

रसायनी हे नाव आमच्या परिसराला रासायनिक कारखान्यांमुळे मिळाले. आयुर्वेदातील रसायनाशी त्याचा संबंध नाही. तथापि ‘शक्तीसाठी काही रसायन द्या’ अशी मागणी घेऊन येणारे तरुण येथील चिकित्सालयांत आता वरचेवर दिसू लागले आहेत. खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या सायकलस्वारांपैकी काही जण ट्रायथलॉनची तयारी करीत असतात. अशा व्यक्तीस औषध देताना कोणता विचार करावा, हे प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. निमित्त आमच्याच एका चुकीचे आहे.

स्पर्धेचे स्वरूप

‘आयर्नमॅन’ या पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेत ३.८ कि.मी. पोहणे, १८० कि.मी. सायकल चालविणे व ४२.२ कि.मी. धावणे हे तिन्ही प्रकार सलग पार पाडावे लागतात. पणजी येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेली स्पर्धा याच्या निम्म्या पल्ल्याची आहे. पोहण्यातील माजी राष्ट्रीय विजेते श्री. मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झुरिक येथील पूर्ण पल्ल्याची स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. तेथील मुदत १६ तासांची होती. म्हणजे पोहण्यात निष्णात असलेल्या स्पर्धकाच्या हातीही अखेरीस जेमतेम पाऊण तास उरला. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी फ्लॉरिडातील ‘अल्ट्रामॅन’ ही तीन दिवसांची स्पर्धाही पूर्ण केली. तीत १० कि.मी. पोहणे, ४२१ कि.मी. सायकल व ८४ कि.मी. धावणे असते.

शास्त्रीय विचार

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात, हेही त्यांनी नमूद केले आहे. पंधरा तासांची स्पर्धा ही मर्यादा उघडच ओलांडते. ‘स्पर्धेत उतरू नका’ एवढे सांगून मात्र आपले कर्तव्य संपत नाही. ती व्यक्ती उतरणारच असते.

या स्पर्धेत खरी कसोटी लागते ती अग्नीची. श्रम चालू असताना रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो, कोष्ठाकडील कमी होतो. आणि त्याच वेळी स्पर्धकाला तासातासाने काही खावे-प्यावे लागते. म्हणून हृल्लास, छर्दी, आध्मान, उदरशूल व अतिसार या तक्रारी दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धकांत फार आढळतात. पाय शाबूत असूनही केवळ पोटाने दगा दिल्यामुळे स्पर्धा सोडावी लागते. स्पर्धक वैद्याकडे येतो तो बहुधा याच कारणाने.

आमचा अनुभव

असाच एक चाळिशीतील स्पर्धक गोव्याच्या स्पर्धेपूर्वी आमच्याकडे आला. क्षुधामांद्य व आध्मान ही लक्षणे पाहून आम्ही अग्नितुंडी वटी लिहिली. चिठ्ठी घेताना त्याने विचारले, “डॉक्टर, हे स्पर्धेत चालते ना?” आम्ही सहज उत्तरलो, “वनस्पतीचे औषध आहे, न चालायला काय झाले?”

रात्री ग्रंथ उघडला तेव्हा हे उत्तर किती बेजबाबदार होते ते कळले. अग्नितुंडीत विषमुष्टी, म्हणजे कुचला, अन्य सर्व द्रव्यांच्या समभाग असतो. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध असलेले उत्तेजक आहे. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, ते नाहीसे होत नाही. दुसऱ्या दिवशी स्पर्धकास बोलावून औषध बंद केले व हिंग्वाष्टक चूर्ण दिले. त्याने प्रश्न विचारला नसता तर आम्ही ग्रंथ उघडलाच नसता, ही खंत आजही आहे.

शरीरात निषिद्ध द्रव्य सापडल्यास त्याची जबाबदारी स्पर्धकावरच येते. ‘वैद्यांनी दिले’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही. हौशी स्पर्धकही या नियमांच्या कक्षेत येतात आणि दोष सिद्ध झाल्यास काही वर्षांची बंदी येऊ शकते.

लक्षात ठेवण्याजोगी द्रव्ये

१. विषमुष्टी : अग्नितुंडी, विषतिंदुक वटी, कृमिमुद्गर रस.

२. सोमलता : श्वासावर योजिल्या जाणाऱ्या या वनस्पतीत एफेड्रीन असते. मूत्रात दर मि.लि.स १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास स्पर्धाकाळात ते निषिद्ध ठरते.

३. अहिफेन : अतिसारावरील कर्पूररस. यातील मॉर्फीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. स्पर्धेपूर्वी पोट बिघडलेल्यास हा योग देण्याचा मोह टाळावा.

४. विजया : जातीफलादि चूर्णात भांग असते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. हीदेखील स्पर्धाकाळात वर्ज्य.

५. गुळवेल : अस्सल गुडूचीविषयी आक्षेप नाही. परंतु तिच्याशी साधर्म्य असलेल्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या जातीत हायजेनामीन असते व ते केवळ स्पर्धाकाळात नव्हे, तर सदैव निषिद्ध आहे.

‘स्पर्धाकाळ’ सर्वसाधारणपणे आदल्या रात्री ११.५९ पासून मोजला जातो. मात्र आधी घेतलेल्या औषधाचा अंश शरीरात किती काळ टिकेल हे सांगता येत नाही. म्हणून पहिल्या चारांपैकी कोणताही योग स्पर्धेच्या तोंडावर न देणेच श्रेयस्कर.

औषधालय चालकांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट ई-१ मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. ती असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. तो इशारा ही पहिली चाळणी समजावी. विषमुष्टी, अहिफेन व भांग तीत अडकतात. सोमलता मात्र या यादीत नाही, म्हणून घटकांची यादी स्वतः वाचणे अटळ आहे. ज्या ‘शक्तिवर्धक’ पुडीवर घटकच छापलेले नाहीत, ती स्पर्धकाला कधीही देऊ नये. अशा पुडीत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा धोका असतो. गुळवेल खरेदी करताना वनस्पतीची ओळख पटवून घ्यावी.

स्पर्धकाचा अग्नी सांभाळण्यास सुंठ, सैंधव, जिरे, हिंग, ताक ही साधी द्रव्ये बहुधा पुरेशी होतात. मात्र तीही सरावाच्या दिवसांत वापरून पाहावीत. स्पर्धेच्या दिवशी नवे काही देऊ नये.

समारोप

आपण रुग्णाचे वय, प्रकृती, कोष्ठ व व्यवसाय विचारतोच. त्यात यापुढे एका प्रश्नाची भर घालावी, अशी वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे : “आपण एखाद्या स्पर्धेत भाग घेणार आहात काय?” स्पर्धकाने आम्हांस विचारण्याआधी आम्हीच त्याला हे विचारावयास हवे होते.