मेन रोड टच

जागांच्या जाहिरातीत ‘मेन रोड टच’ हे शब्द ठळक छापतात. दुकानाचा गाळा असेल तर ते योग्यच आहे, रस्त्यावरचं गिऱ्हाईक आयतं आत येतं. राहत्या फ्लॅटमध्ये मात्र त्याच रस्त्यावरून आवाज आणि धूळ येते, आणि घर विकायला काढलं की गिऱ्हाईक येऊन बघून परत जातं. पुण्यात कर्वे रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर आम्ही बरीच वर्षं काढली आणि अलीकडे ते घर विकलं. त्यात जे पदरात पडलं, ते असं घर घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, रस्ता कधी होता तसा राहत नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा समोरून पीएमटी आणि लुना जायच्या. संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून गप्पा व्हायच्या. मग गाड्या वाढत गेल्या, मेट्रोचे खांब उभे राहिले. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि नळस्टॉपचा दुमजली पूलही खुला झाला. वर मेट्रो, तिच्याखाली पुलावरून गाड्या आणि तळाला जुना रस्ता. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आलं ही मोठीच सोय. पण खाली असलेली वाहतूक आमच्या खिडकीच्या बरोबरीला आली, हेही तितकंच खरं.

आवाजाचे नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हमरस्त्यावर ती कागदावरच राहते. शिवाय डेसिबलचं गणित फसवं असतं. रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या झाल्या तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. त्यामुळे ‘बाहेरचा रस्ता झाला की इथलं सगळं शांत होईल’ या आशेवर घर घेऊ नये. झोप मोडते ती मात्र सरासरी आवाजाने नाही, एखाद्या दणक्याने. रात्री रिकामा डंपर गतिरोधकावरून उडाला की मागचा फाळका असा आपटतो की काचा थरथरतात. घर बघायला गेलात तर गतिरोधक, सिग्नल आणि बसथांबा खिडकीपासून किती लांब आहेत ते आधी बघा.

धुळीचं काय सांगावं! सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की काळं. ती माती नसते, तेलकट काजळी असते. ओल्या फडक्याने आणखी पसरते. वाळवणं गॅलरीतून गच्चीवर गेली आणि खिडक्या बंद झाल्या. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून आवाज येतच राहतो. जाड दुहेरी काचेच्या, रबरावर घट्ट बसणाऱ्या कब्ज्याच्या खिडक्यांनी खरा फरक पडतो. पण त्या लावल्या की एसी आला, आणि एसीचं बिलही.

आता विक्रीचं. एजंटचा सल्ला ठरलेला असतो: रविवारी दुपारी दाखवा, खिडक्या लावून ठेवा. याचा उपयोग नाही, कारण घेणारा दुसऱ्यांदा येतो तो सोमवारी सकाळी, घरच्यांना घेऊन. एक गृहस्थ गॅलरीत उभे असताना त्यांचा फोन वाजला. ‘थांबा हं, जरा आत जाऊन बोलतो,’ असं ते म्हणाले, आणि फोन झाल्यावर त्यांनी भाव विचारलाच नाही. त्यानंतर आम्ही गॅलरीचं दार आधी उघडायचो, मग मागची शांत खोली दाखवायचो. आवाज सहन न होणारे तिथूनच परत फिरायचे, आणि जे थांबायचे ते खरोखर बोलणी करायचे.

पण सगळ्यात मोठी खोच रेडी रेकनरमध्ये आहे. पुण्यात काही मोठ्या रस्त्यांच्या सन्मुख मिळकतींचे दर सरकारी तक्त्यात वेगळे आणि आतल्या गल्लीपेक्षा चढे असतात. म्हणजे सरकार रस्ता बघून भाव चढवतं आणि घेणारा तोच रस्ता बघून भाव पाडतो. समजा, सरकारी मूल्य १ कोटी आहे आणि सौदा ८८ लाखांत ठरला. मुद्रांक शुल्क तरीही १ कोटीवरच. करारातल्या किमतीपेक्षा सरकारी मूल्य १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर विकणाऱ्याचा भांडवली नफाही १ कोटी धरून मोजतात आणि मधले १२ लाख घेणाऱ्याचं उत्पन्न समजतात. हाच सौदा ९१ लाखांत झाला तर ही आयकराची भानगड उद्भवत नाही. म्हणून भाव सांगण्याआधी आपल्या मिळकतीचं सरकारी मूल्य काढा आणि सीएला दाखवा. मूल्य अवाजवी वाटलं तर आयकर खात्याकडे मूल्यांकन अधिकाऱ्याची मागणी करता येते.

रस्त्याचं खरं मोल फ्लॅटला नसून जमिनीला आहे. रुंद रस्त्यावरच्या प्लॉटला पुनर्विकासात जास्त बांधकाम मिळू शकतं. तो लाभ सोसायटीला तेव्हाच, जेव्हा जमीन सोसायटीच्या नावावर असते. तेव्हा अभिहस्तांतरण झालं आहे का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला आहे का, हे घेणाऱ्याने विचारावं आणि विकणाऱ्याने आधीच निस्तरावं. महापालिकेतून झोन दाखला आणि पार्ट प्लॅन काढून रस्तारुंदीची रेषा कुठून जाते तेही बघावं. ती कंपाउंडच्या आत असेल तर आज जिथे गाडी लागते तिथे उद्या पदपथ असेल.

डॉक्टर, वकील, सीए यांना रस्त्यावरची जागा हवी असते, तेव्हा त्यांनाही विचारून बघा. फक्त सोसायटीची संमती लागते, आणि वापर बदलला की मिळकतकर आणि विजेचा दरही बदलू शकतो, हे त्यांना आधीच सांगा.

एवढं सगळं असून असं घर घ्यायचंच असेल, तर झोपायची खोली मागच्या बाजूला असलेलंच घ्या, आणि रस्त्यापायी भाव पाडूनच घ्या. वाचलेल्या पैशांतून पहिल्याच वर्षी खिडक्या बदला. आज तुम्ही जेवढं पाडून घेताय, निदान तेवढं उद्या तुमच्याकडूनही कुणी पाडून घेणार आहे. हा हिशेब मांडूनही सौदा पटत असेल, तर खुशाल टोकन द्या.