इंजिनाच्या तापाचा खोटा निरोप

मित्रांनो, थर्मिस्टरची व्याख्या मी व्हायवात घडाघडा म्हणून दाखवली होती. तापमान वाढले की रोध कमी होतो, संपले! पण तिचा खरा अर्थ मला मे महिन्याच्या सुट्टीत, गावच्या गॅरेजमध्ये ट्रेनिंग करताना कळला. तोही एका टॅक्सीवाल्या काकांच्या खिशाला चाट लावून.

लिटरला १६ किलोमीटर देणारी त्यांची पेट्रोल गाडी ११ वर आली होती. सायलेन्सरमधून काळा धूर, आणि ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा पंखाच लागेना. मी रुबाबात म्हणालो, "काका, कूलंटचा सेन्सर गेलाय. बदला." काकांनी दिवसाची कमाई मोजून नवा सेन्सर बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात, धूर तसाच! काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, आता नक्की काय ते सांगा." तेच जास्त लागलं.

उस्तादांनी मल्टिमीटर माझ्या हातात दिला. "अंदाज बंद. आता मोज."

१) रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावला. अशा वेळी इंजिनात शिरणारी हवा आणि कूलंट, दोन्हींचे तापमान जवळपास सारखे हवे. हवा ३० अंश, कूलंट मात्र १०!

२) प्लग काढून सेन्सरचा रोध मोजला. १.७ किलोओहम. त्या गाडीच्या तक्त्यात ३० अंशांना हाच आकडा. जुना सेन्सर मोजला, तोही तेवढाच. म्हणजे दोघेही निर्दोष.

३) प्लग मोकळा असताना स्कॅनरवर उणे ४०. हे बरोबरच, सर्किट तुटले की ईसीयूला कडाक्याची थंडी वाटते. मग प्लगमधल्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. आकडा १२० च्या वर उडायला हवा होता. तो २५ वरच अडकला.

चोर वायरिंगमध्येच होता! प्लगच्या मागे, पिन जिथे वायरला दाबलेली असते तिथे, तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. तेवढ्या जागेत २.१ किलोओहमचा फुकटचा रोध. इंजिन ८० अंशांना तापले की सेन्सर उरतो जेमतेम ०.३ किलोओहम, बेरीज २.४. ईसीयूला वाटे, इंजिन अजून २० अंशांवरच आहे. म्हणून तो पेट्रोल जास्त सोडी आणि पंखा लावत नसे. आकडा मर्यादेत असल्याने फॉल्ट कोडही नाही. आणखी चार दिवस गेले असते तर हेड गॅस्केटच जळाले असते.

नवी पिन लावली, धूर थांबला, पंखा लागला. खर्च चहापाण्याइतका. सेन्सर मात्र दुकानदार परत घेईना. त्याचे अर्धे पैसे मी भरले. तीच माझी खरी टर्म फी.

तेव्हा दोस्तांनो, सेन्सरवर आरोप करण्याआधी त्याची वायर तपासा. आणि हो, तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायची घाई कधीही करू नका!