आधी ऊब विचारा

आईनं अडुसष्ट वर्षांत बर्फ पाहिला नव्हता. आमच्या धाराशिवला थंडी फार झाली, तर अंगावर एकीच्या दोन वाकळा होतात, एवढंच. मुलाला स्कीइंग शिकायचं होतं, म्हणून जानेवारीत आम्ही चौघं गुलमर्गला गेलो. हॉटेल मी फोटो बघून ठरवलं. भिंतभर काचेची खिडकी, समोर अफरवटचा पांढरा डोंगर. खोलीत हिटर आहे, एवढं वाचलं आणि पैसे भरले. पुढचं काही विचारलं नाही, आणि ते आईला भोगावं लागलं.

पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण तो दिव्यांपुरताच. हिटरला दोन हजार वॅट लागतात, तेवढा भार तो घेत नव्हता. दिवसा हौसेनं बघितलेल्या त्या काचेतून आता नुसता गारठा येत होता. आईचे पाय हातात घेतले, तर टाचा दगडासारख्या गार. मोज्यांचे दोन जोड घातले, वर माझी कानटोपी चढवली. बायकोनं स्वयंपाकघरातून गरम पाणी आणलं, बाटलीत भरलं, पंच्यात गुंडाळून आईच्या पोटऱ्यांशी ठेवलं. दर तासाला बाटली बदलत रात्र काढली. सकाळी नळाला पाणी नाही, पाइपातच गोठलेलं.

हॉटेलातल्या पोरानं कळवळून कोळशाची शेगडी आणली होती. ती मी खोलीत ठेवू दिली नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

दुसऱ्या दिवशी जागा बदलली. खोल्या लहान, खिडक्या बेताच्या, भिंतींना आतून लाकूड, आणि खोलीत बुखारी. बुखारी म्हणजे पत्र्याची उभी शेगडी. आत लाकूड जळतं, धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. आई तिच्याकडे पाठ करून बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

म्हणून बुकिंगआधी फोन करा आणि सरळ विचारा, लाइट गेल्यावर खोली कशानं गरम राहते? बुखारी असेल तर नळी बाहेर काढली आहे का, लाकूड रात्रभर पुरवतात का, त्याचे पैसे वेगळे का? विजेची चादर असेल तर ती जनरेटरवर चालते का? चादरीला शे-दीडशे वॅट पुरतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चालते. गरम पाणी किती ते किती? गाडी दारापर्यंत येते का, हे तर म्हाताऱ्या माणसासाठी विचाराच. आमचं पहिलं हॉटेल चढावर होतं, शेवटची दीडशे पावलं आईला दोघांनी धरून नेलं. बर्फ पडला की खालच्या टंगमर्ग गावापासून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेली गाडीच लागते, तिचं भाडं आधी ठरवून घ्या.

एक गोष्ट मला श्रीनगरला उतरल्यावर कळली. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. आमच्या चारही फोनांपैकी एकही लागेना, त्यामुळे हॉटेलला काही विचारायची सोयच उरली नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड असू द्या.

हॉटेलपासून स्कीच्या उतारांचं अंतरही बघा. शिकणाऱ्यांना गोंडोलानं, म्हणजे केबल कारनं, वर जावं लागत नाही. मुलाचे धडे खालच्या सपाटीवरच्या उतारांवर झाले. पण स्कीचे बूट जड, त्यात पाव किलोमीटर चालणंही नको होतं. आणि ओलं झालेलं सुकवायला जागा हवीच, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच गार हातमोजे चढवावे लागतात. आमच्या बुखारीभोवती रोज संध्याकाळी मोजे, टोप्या मांडलेल्या असत. तव्यावरची भाकरी उलटावी तसा आई एकेक हातमोजा उलटत बसायची.