पाळी जाण्याचा काळ : घरातील दुखणे डॉक्टरांपर्यंत पोचवावे कसे?



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते असे विषय देत असतो. या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून घरातील एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. ऊस विकास विभागाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. कारण सांगतो. लागणीच्या नोंदी, माती परीक्षण या निमित्ताने आम्ही वाडीवस्तीवर फिरतो, ओसरीवर बसतो. तेथे एक तक्रार वारंवार कानी येते. चाळीस-पंचेचाळिशीतील घरधनीण वर्ष-दोन वर्षे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते आणि "काही नाही, वयाचं आहे" किंवा "पिशवी काढून टाका" या दोनपैकी एक उत्तर घेऊन परत येते. आम्ही डॉक्टर नाही, औषधही सांगणार नाही. परंतु आपले म्हणणे जाणकारापुढे नीट कसे मांडावे, हा आमच्या रोजच्या कामातला विषय आहे. तेवढ्यापुरते हे लिहिणे.

पाळी जाणे म्हणजे काय?

ठराविक वयानंतर बीजांडकोशांचे काम मंदावते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक शरीरात कमी होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली, असे समजतात. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. मात्र त्याआधीची काही वर्षे धरसोडीची असतात. कधी दोन-दोन महिने पाळी नाही, तर कधी आली की दहा दिवस थांबत नाही. अंगातून कढत वाफा येणे, रात्री घामाने भिजणे, झोप उडणे, छातीत धडधडणे, सांधे आखडणे, चिडचिड, लघवीला वरचेवर जळजळ, असेही त्रास होतात. सर्वांना सर्व होते असे नाही. काही जणींना काहीच जाणवत नाही, तर काहींना उठून कामाला लागणे मुश्कील होते.

दोन टोकांची उत्तरे

एका सभासदाच्या घरची हकिकत नाव-गाव वगळून देतो. वहिनींचे वय ४३. दीड वर्षापासून अंगावर फार जात होते. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सभासदालाच विचारले, "काय होतंय हिला?" तो म्हणाला, "अशक्तपणा आहे, साहेब." किती दिवस जाते, दिवसात किती कपडे बदलावे लागतात, गाठी पडतात काय, हे त्याला ठाऊक नव्हते आणि नवऱ्यादेखत वहिनी बोलेनात. सलाईनची बाटली लागली, ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी "मनावर घेऊ नका" एवढेच ऐकायला मिळाले. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि त्याच दिवशी, "पिशवी काढा, नाहीतर पुढं कॅन्सर होईल," असे सांगून ऑपरेशनची तारीखही दिली.

वहिनींची भावजय आशा कार्यकर्ती आहे. तिने त्यांना सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी सभासदाला बाहेर बसायला सांगितले आणि म्हणाल्या, "हां मावशी, आता तुम्ही सांगा." पाव तास त्यांनी ऐकून घेतले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवला, कॅन्सर निघाला नाही. शिरेतून लोह दिले, रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे औषध सुरू केले. सहा महिन्यांत वहिनी वैरणीचा भारा उचलू लागल्या. ऑपरेशनची गरज आजवर पडलेली नाही.

यावरून ऑपरेशन वाईटच, असा अर्थ कोणी काढू नये. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने रक्तस्राव थांबत नसेल, तर पिशवी काढणे हाच योग्य उपाय ठरतो. पण अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, कंबरदुखी एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदमच सुरू होतो. तरुण वयात असे झाले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

केवड्याचे उदाहरण

चुनखडीच्या रानात खोडवा पिवळा-पांढरा पडला, की आपण "वयाचा परिणाम" म्हणून सोडून देत नाही आणि लगेच नांगरही घालत नाही. केवडा आहे हे ओळखतो, लोह कमी पडले म्हणतो, हिराकसची फवारणी घेतो. बाईच्या अंगातून महिनोन् महिने रक्त जात राहिले, की तिच्यातही लोहच कमी पडते. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय आणि ८ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. चालताना दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी, माती-खडू खावासा वाटणे, ही त्याची लक्षणे आहेत. याला "बाईचा आळस" म्हणणे हा अन्याय आहे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. (शेतीचा हिराकस मात्र कोणीही पोटात घेऊ नये.)

आपला ऊस तोडणाऱ्या भगिनी

टोळीतल्या बायांची दशा याहून कठीण आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला, तर मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी, ना विसावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी भगिनींच्या तक्रारी पुढे आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमून पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. यांतील कित्येकींनी ऐन तिशीत म्हातारपणाची दुखणी अंगावर घेतली. अनावश्यक ऑपरेशने थांबावीत म्हणून केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. त्यांनी तोडलेल्या उसावरच आपले बिल निघते. आपल्या फडातली बाई "पोटात दुखतंय" म्हणाली, तर तिला आरोग्य केंद्रात पोचवणे हे त्या फडाच्या मालकाचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.

दवाखान्यात जाताना

१. वही ठेवा. पाण्याच्या पाळीची नोंद ठेवतो तशीच ही नोंद ठेवावी. पाळी सुरू झाल्याची तारीख, किती दिवस, दिवसात किती पॅड किंवा कपडे, गाठी, वाफा किती वेळा, झोप किती. तीन महिन्यांची नोंद समोर ठेवली, की डॉक्टरांनाही दुर्लक्ष करता येत नाही. लिहिता येत नसेल तर मुलीने किंवा सुनेने लिहावे.

२. बाईने स्वतः बोलावे. सोबत सासू, जाऊ, आशाताई कोणीही चालेल. नवऱ्याने सोबत जरूर जावे, पण सांगण्याचे काम तिच्यावर सोडावे.

३. मोघम बोलू नये. "अशक्तपणा आहे" ऐवजी "दर तासाला कपडा बदलावा लागतो" असे सांगावे.

४. तीन प्रश्न विचारा. हे कशामुळे होते? ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय कोणता? थांबलो तर काय होईल? ऑपरेशन ठरलेच, तर बीजांडकोश ठेवणार की काढणार, हे अगोदर विचारून घ्यावे.

५. पहिल्या भेटीत सही करू नका. रक्त थांबतच नसेल, चक्कर येऊन बाई पडत असेल, अशी तातडीची वेळ सोडली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास सवड असते. तो रुग्णाचा हक्कच आहे. कागदपत्रांची प्रतही मागता येते, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी असा नियम आहे.

६. वाफा, निद्रानाश यांवरही उपचार आहेत. संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर फार भीती पसरली. पुढील छाननीत असे दिसले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा अधिक. मात्र स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या अशा काही दुखण्यांत त्या चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

७. हे मात्र अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात तपासणी करावी. पुष्कळदा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ही पहिली खूण असू शकते. "पाळी परत आली" म्हणून आनंद मानू नये.

शेवटी एक विनंती. हा अंक बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती पडतो. आपण वाचून झाला की तो ट्रंकेत न टाकता घरातील बायामाणसांच्या हाती द्यावा. आणि आज संध्याकाळी, दिवसभराची कामे आटोपल्यावर, "तुला काय होतंय ते मला सांग," एवढे विचारावे. डॉक्टरांनी ऐकावे अशी आपली अपेक्षा आहे. त्याआधी घरात ऐकले गेले पाहिजे.

— ऊस विकास विभाग