शंका-समाधान : एक पॉलिश पुरे

या खेपेच्या टपालात घोटी आणि आसपासच्या वाड्यापाड्यांची पत्रं जास्त आहेत आणि त्यांत भाताचे प्रश्न जास्त आहेत. इगतपुरी तालुक्यात धो-धो पाऊस, त्यामुळे भात हे मुख्य पीक आणि घोटी ही त्याची बाजारपेठ. तेव्हा हे साहजिकच आहे. पत्रं वाचताना मात्र एक गोष्ट सारखी जाणवली. बहुतेकजण स्वयंपाकघरात उत्तर शोधतात आणि उत्तर असतं त्याआधी, गिरणीत नाहीतर दुकानात. म्हणून पहिलं पत्र गिरणीचंच घेते.

सासूबाईंना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. आमच्याकडे दोन्ही वेळा भात लागतो. दोन दिवस त्यांनी भाकरी खाल्ली, तिसऱ्या दिवशी ताटावरून उठल्या. कुणी म्हणतं ब्राउन राइस आणा, पण तो फारच महाग आहे. शेत घरचं आहे, इंद्रायणी पिकते. काय करावं?
— एक गृहिणी, घोटी

ताई, घरचं भात असताना ब्राउन राइसची पाकिटं विकत आणू नका. टरफल काढलेला पण पॉलिश न केलेला तांदूळ म्हणजेच ब्राउन राइस. तो तुमच्याच गिरणीत, तुमच्याच पोत्यातून निघतो. गिरणीवाल्याला आधी सांगावं लागतं एवढंच, कारण न सांगता तो पांढराशुभ्र करूनच देणार. गिऱ्हाईक तेच मागतं.

गिरणीत काय होतं ते पाहा. शंभर किलो भात भरडलं तर साधारण वीस किलो तूस निघतं, सात-आठ किलो कोंडा निघतो आणि बाकीचा तांदूळ व कणी. तूस आपल्याला पचत नाही, ते गेलेलंच बरं. कोंड्याचं तसं नाही. चोथा, ब१ जीवनसत्त्व, थोडं लोह आणि चांगलं तेल या पातळ थरात असतं. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि बिनपॉलिशचा तांदूळ दिला की त्या सुधारतात. माणसांतल्या बेरीबेरीचं कोडं तिथून सुटत गेलं आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण मात्र हा कोंडा गुरांना घालतो किंवा तेलगिरणीला विकतो आणि मग ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून राइस ब्रान तेलाची बाटली दुकानातून आणतो. यात फायदा कुणाचा होतो, ते तुम्हीच ठरवा.

पण सासूबाईंची साखर केवळ बिनपॉलिशच्या तांदळाने आटोक्यात येईल, असं मी लिहिणार नाही. फरक पडतो, तो थोडा. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला, १९८७ मध्ये प्रसारित झालेला. आंबेमोहराचा वास आणि मऊपणा त्यात उतरला, म्हणून तर तो तुम्हाला आवडतो. मात्र असा मऊ, चिकट भात लवकर पचतो आणि साखरही लवकर चढवतो. सासूबाईंपुरता जुना, मोकळा शिजणारा तांदूळ वेगळा ठेवा. कोळम चालेल. त्याला गिरणीत एकच पॉलिश द्या, कारण अजिबात पॉलिश नसलेला भात वयस्कर माणसाला चावायला जड जातो आणि मग तो ताटात राहतो.

खरा फरक पडेल तो मापाने. शिजलेला भात वाटीने मोजून वाढा, एका जेवणाला एक वाटी. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, भात शेवटी. पातळ आमटी कालवून भाताचा डोंगर संपवायची सवय आपल्याकडे आहे, तिथेच सगळं गणित चुकतं. जेवल्यावर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा. आठ-पंधरा दिवसांत कोणत्या जेवणाने किती चढते, ते तुम्हालाच कळेल. सासूबाई गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर भात एकदम तोडू नका, साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

एक पॉलिशचा तांदूळ एकदम वर्षाचा भरडून ठेवू नका. कोंड्यातल्या तेलामुळे त्याला लवकर खवट वास येतो आणि पोरकिडे लागतात. वर्षाचं भात कणगीत राहू द्या, महिन्यापुरतंच गिरणीत न्या. आणि धुताना तांदूळ चोळून चोळून चार पाणी काढू नका. दोन पाणी पुरेत, शिजवताना पेजही काढून टाकू नका. नाहीतर गिरणीत वाचवलेलं ब१ मोरीत जाईल.

मी रोज सकाळच्या गाडीने नाशिकला जातो. नाश्त्याला घोटीचे मुरमुरे नेतो. हलके असतात, वजन वाढत नाही ना?
— एक नोकरदार

वजन वाढत नाही आणि पोटही भरत नाही. मुरमुरा म्हणजे फुगवलेला तांदूळच. वाटीभर मुरमुरे जेमतेम मूठभर धान्याचे असतात, म्हणून हलके वाटतात. ते झटकन पचतात आणि अकरा वाजता तुम्ही कार्यालयाबाहेर वडापावच्या गाडीवर उभे असता. बरोबरीने फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे घाला, कांदा-टोमॅटो तिथे चिरा. मुरमुऱ्यांत मीठ असतं, वरून आणखी टाकू नका.

आमच्या शाळेतल्या मुलांच्या डब्यात बिस्किटं आणि कुरकुरीत पुडे येतात. घरी नागली पिकते, पण आया म्हणतात, काळी भाकरी पोरं खात नाहीत. नागलीत भरपूर लोह असतं हे खरं का?
— एक शिक्षिका, वाडीवरची शाळा

बाई, नागलीची जाहिरात लोहाच्या नावाने केली जाते आणि तिची खरी श्रीमंती बाजूला राहते. नागलीचं मोठेपण कॅल्शियममध्ये आहे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात ते जवळजवळ नसतंच. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि पोरांच्या वाट्याला कोरा चहा येतो, तिथे हे फार मोलाचं आहे. लोह आहे, पण बाजरीइतकं नाही आणि अंगी लागायला त्याला आंबट काहीतरी लागतं. लिंबू, आवळा, चिंचेची आमटी, काहीही. जेवणाबरोबर चहा मात्र नको. त्याने लोह अडतं.

भाकरी खात नसतील तर भाकरीवर अडून बसू नका. नागली रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळा. त्याची गूळ घातलेली आंबील मुलं पितात. मोड आणल्याने दाण्यातलं लोह आणि कॅल्शियम शरीराला घेणंही सोपं होतं. सत्त्व करताना बारीक फडक्यातून गाळून चोथा फेकतात. ते तान्ह्या बाळासाठी ठीक, शाळेतल्या मुलाला चोथ्यासकट द्या. पापड हा नागलीचा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा प्रकार. मिठाने आणि पापडखाराने भरलेला तो पदार्थ पौष्टिक म्हणून खाऊ नये.

मागच्या नवरात्रात आमच्या नात्यातल्या तिघांना भगरीच्या भाकरीने उलट्या झाल्या, चक्कर आली, हातपाय थरथरू लागले. भगर तर इथलीच. मग विष आलं कुठून?
— एक वाचक, इगतपुरी तालुका

दर श्रावणात आणि नवरात्रात राज्यात कुठे ना कुठे हे घडतं आणि अन्न व औषध प्रशासन त्याबद्दल सूचनाही काढतं. दोष वरईचा नाही, साठवणुकीचा आहे. ओल लागलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते. ती फ्युमिगाक्लॅव्हिन नावाची विषं तयार करते. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्यांचीच आहेत. शिजवल्याने ही विषं जातील या भरवशावर राहू नये.

उपासाचं पीठ तयार घेऊ नका. पिठाला ओल लवकर धरते आणि ते किती जुनं आहे हे डोळ्यांना कळत नाही. भगर सबंध घ्या, शक्यतो तारीख असलेल्या पाकिटातली. सुटी भगर घ्यायची तर मुठीत घेऊन वास पाहा, कुबट आला तर पैसे दिले असले तरी टाकून द्या. घरी आणून निवडा, धुवा, खडखडीत वाळवा आणि लागेल तेवढीच दळा. आपल्या भागात भादव्यात, आश्विनात हवा ओलसरच असते, त्यामुळे डब्याचं झाकण घट्ट हवं. शिजवलेली भगर सकाळची रात्री खाऊ नये. आणि त्रास झालाच तर उपास मोडेल म्हणून घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

महामार्गावर माझी वड्याची गाडी आहे. वर्तमानपत्रात बांधून देऊ नका म्हणतात. मग कशात देऊ? प्लास्टिकही बंद.
— एक व्यावसायिक

दादा, म्हणतात ते बरोबर आहे. छपाईच्या शाईतले पदार्थ गरम तेलात सहज उतरतात आणि खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात देण्याला कायद्याने बंदी आहे. राज्यात मार्च २०१८ पासून थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटवाट्या बंद आहेत, देशभर जुलै २०२२ पासून. तुमच्या गाडीच्या पाठीमागे डोंगर आहे आणि त्या डोंगरात पळस आहे. पाड्यांवरच्या बायकांकडून पत्रावळी-द्रोण घ्या, बांधून द्यायचं असेल तर कोरा, न छापलेला कागद. चकचकीत कागदी द्रोण पाहून फसू नका, त्यांना बहुधा आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिते. कढईतलं तेल काळं पडून फेसाळलं, धूर लवकर धरू लागलं की ते बदलावं. त्यात रोज नवं तेल ओतत राहणं हा बदल नव्हे.

आई चूल पेटवताना प्लास्टिकची पिशवी वापरते. तिला काय सांगू?
— अकरावीतली एक विद्यार्थिनी

सांग, की प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट, तो तिच्या छातीत जातो आणि त्याची काजळी भाकरीवर बसते. पण नुसतं सांगून काम होणार नाही. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं म्हणून ती पिशवी लावते. उन्हाळ्यात वाळक्या काटक्या आणि गोवऱ्या पत्र्याखाली रचून ठेवायचं काम तू अंगावर घे.

पहिल्या पावसानंतर शेवळं विकायला येतात. घरी केली की घसा खाजतो. कुठे चुकतं?
— एक वाचक, नाशिक

शेवळात सुईसारखे बारीक ऑक्सलेटचे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. ज्यांच्याकडून शेवळं घेता त्याच मावशीकडे काकडं मिळतात. ती आंबट हिरवी फळं वाटून, रस काढून भाजीत घालतात. ती नसतील तर चिंच, आणि भाजी नीट शिजवा. बांबूच्या कोंबांनाही हाच नियम, तिथे कारण वेगळं आहे. कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, म्हणून चिरून उकळून पाणी फेकायचंच. टाकळा, कुर्डू महामार्गाच्या कडेचा खुडू नका, त्यावर दिवसरात्र गाड्यांची धूळ आणि धूर बसतो. बांधावरचा घ्या.

दर उन्हाळ्यात आम्ही राब भाजतो. आता मुलगा म्हणतो, धूर होतो, झाडं तुटतात, बंद करा. न भाजता रोपं कशी यायची? आमच्या बापजाद्यांनी काय चुकीचं केलं?
— एक शेतकरी, घोटीजवळ

काका, चुकीचं काही केलं नाही. शेण, पालापाचोळा आणि फांद्या थरावर थर देऊन भाजल्याने तणाचं बी जळतं आणि रोपाला राख मिळते. युरिया नव्हता, तणनाशक नव्हतं, तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. पण राबासाठी दरवर्षी ऐन आणि इतर झाडं छाटत गेल्याने डोंगर बोडके होतात, ते मुलाला दिसतंय. त्याचं म्हणणं खोटं नाही.

मी आहाराची बाई, पण भातशेतीतल्या जाणत्यांकडून शिकलेलं सांगते. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत राब भाजायची गरज नाही. गादीवाफे करायचे आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. या राखेत सिलिका भरपूर असते. तिने रोपं टणक होतात आणि खोडकिडा कमी लागतो. राख काळीच हवी, पूर्ण जळून पांढरी झालेली तितकी उपयोगी नाही. पुढे बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीआधी शेतात गाडायचा, रोपं नेमक्या अंतरावर लावायची आणि चार चुडांमध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. आपल्या पावसात हे महत्त्वाचं.

आणि तूस? घोटीत गिरण्यांना ते ठेवायला जागा नसते, तिथून मागून आणा. पहिल्या वर्षी निम्म्या रोपवाटिकेला राब भाजा, निम्म्या वाफ्यांना राख घाला आणि लावणीच्या वेळी रोपं शेजारी शेजारी धरून पाहा. मुलाला सोबत घ्या.

पुढच्या वेळी लिहिणाऱ्यांना एक विनंती. आजाराबद्दल विचारताना वय, चालू असलेली औषधं आणि दिवसभरात काय-किती खाता, एवढं तरी पत्रात लिहा. त्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजाचा होतो.