लघुउद्योजकाचा विश्वास : एक आर्थिक विचार

भूमी, श्रम, भांडवल व संयोजन हे चार उत्पादनघटक आपण पाठ्यपुस्तकात अभ्यासतो. परंतु संयोजक पैसा गुंतवतो तो उद्याच्या भरवशावर. गुंतवणूक केवळ व्याजदरावर नव्हे, तर भावी प्राप्तीच्या अपेक्षेवर व विश्वासाच्या स्थितीवरही अवलंबून असते, असे लॉर्ड केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाच्या उदाहरणाने हा विचार स्पष्ट होईल.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तेथील अनेक लहान मागधारक 'खर्चीवाले' आहेत. व्यापारी सूत देतो. कापड विणून दिल्यावर पिकाप्रमाणे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी मिळते. सूत त्यांचे नाही, कापडही त्यांचे नाही. वीजबिल, कामगारांचा पगार, सुटे भाग व कर्जाचा हप्ता मात्र त्यांचा. खर्च वाढला म्हणून एकट्याने मजुरीचा दर वाढवून मागावा, तर बिमे शेजारच्या कारखान्यात जातात.

त्यात कामगारटंचाईची भर पडते. समजा, एका कारखान्यात २४ माग असून भाडे, हप्ता इत्यादी स्थिर खर्च दरमहा ४८,००० रुपये आहे. प्रत्येक मागावर २,००० रुपयांचा भार पडतो. कामगाराअभावी ६ माग बंद राहिले, तर उरलेल्या १८ मागांवर तोच भार सुमारे २,६६७ रुपये होतो. पगार वाढवावा तर मजुरी पुरत नाही. न वाढवावा तर माग बंद. खडखडाटात १२ तासांची पाळी करण्यास तरुण नाखूश असतात, यात त्यांचाही दोष नाही.

अशा स्थितीत नवा माग घेण्याचे धैर्य होत नाही. हा भित्रेपणा नव्हे, तो हिशेब आहे.

उपाय कोणता? सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. पण ज्याच्याकडून उद्याचे काम मिळवायचे, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? म्हणून कायद्याला संघटनेची जोड हवी. मजुरीचा दर सामुदायिकरीत्या ठरला व त्यात वीज आणि पगारवाढीचा विचार झाला, तरच मागधारकाला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येईल. विश्वास उपदेशाने येत नाही. तो हिशेब जुळल्याने येतो.